छपराचा सवाल



झोपडी सुंदर असते असं कुणी म्हणालं की मी आधी बघतो, हा माणूस उभा कुठं आहे. रस्त्यावर उभा राहून, मोबाईल डोळ्यापुढं धरून म्हणतोय, की श्रावणाच्या झडीत गळक्या पाख्याखाली पातेलं सरकवता सरकवता म्हणतोय? आतून असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

पण आपल्याच पोरांकडून हल्ली उलटं बोलणं ऐकू येतं. झोपडी म्हणजे गुलामीची खूण, तिच्यात ठेवण्यासारखं काही नाही, पेटवा आणि मोकळे व्हा. पहिल्या बोलण्याची मला चीड येते. दुसऱ्या बोलण्याची चीड येत नाही, भीती वाटते. म्हणून हे लिहायला बसलो.

निमित्त सांगतो. रावेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीत कुडाचं, गवतानं शाकारलेलं असं एकच घर आता उरलंय. माझ्या मोठीमायचं. बाकी सगळीकडे पत्रा किंवा स्लॅब. तिला घरकुल मंजूर झालं आणि जुनं घर उतरवायची वेळ आली, तेव्हा दोन मागण्या दारात आल्या. एक हॉटेलवाला आला. त्याला हायवेला ‘अस्सल खानदेशी खेडं’ उभारायचंय, घर मेढीवाशांसकट विकत द्या म्हणाला. दुसरी मागणी आपल्या तरुण मंडळाची. २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनाला, हे घर सगळ्यांसमोर पेटवायचं. मला विचारलं, तुमचं काय मत?

मत देण्याआधी हे घर काय आहे ते नीट बघू. जी गोष्ट नाकारायची ती निदान माहीत तरी असावी.

जमिनीत सहा मेढी पुरलेल्या. मेढ म्हणजे डोक्याला बेचकं असलेला खांब. मधल्या दोन उंच, त्यांच्या बेचक्यांत आढं टाकलेलं. बाजूच्या चार बुटक्या, त्यांवर आडवी लाकडं. आढ्यापासून खाली बांबूचे वासे, वाशांवर चिरलेल्या कामट्या, कामट्यांवर सातपुड्यातून डोक्यावर आणलेल्या गवताच्या पेंढ्या. पेंढ्या खालून वर लावत जायच्या, म्हणजे वरची पेंढी खालच्या पेंढीचा बांध झाकते. पाखं उभं ठेवायचं. सपाट ठेवलं तर पाणी रेंगाळतं, मुरतं, गवत कुजतं. उभ्या पाख्यावरचं पाणी सरळ वळचणीला. वळचण इतकी खाली आणायची की पावसाचा मारा कुडाला लागू नये. म्हणून आत जाताना वाकावं लागतं.

या घरात लोखंडाचा एक खिळा नाही. लाकूड बेचक्यात बसतं आणि अंबाडीच्या दोरानं आवळलं जातं. दोर वळणारे हात आमच्या मातंग बांधवांचे. सुताराची गरज नाही, लोहाराची गरज नाही. जाणकार ह्याला साधेपणा म्हणतात. मी ह्याला असं वाचतो की कारागीर ज्याच्या दारात येईल याची खात्री नव्हती, त्या माणसानं केलेली ही रचना आहे. त्यानं झाडाच्या फांदीलाच सुतारकाम करायला लावलं.

भिंत कुडाची. पऱ्हाट्या आणि तुराट्या उभ्या लावून बांधायच्या, दोन्ही अंगांनी माती, शेण, भुसा कालवून लिंपायचं. आमची वस्ती काळ्या जमिनीवर. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जड मातीची भिंत घातली तर तडकते. कुड हलका, जमिनीबरोबर थोडा हलतो, आणि लिंपलं की पुन्हा नीट होतो. हे इंजिनियरिंग कुणी शिकवलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून पडून शिकले लोक.

आता गावात चला. गावात घर धाब्याचं. हातभर-दीडहात जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, वर लाकूड-काटक्या आणि त्यावर खाऱ्या पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात रात्री धाब्यावर अंथरूण टाकून माणसं झोपतात. खानदेशाचं घर म्हटलं की पुस्तकात हेच घर दाखवतात, आणि घर चांगलंच आहे. पण ते उभं राहायला दोन गोष्टी लागतात, साग आणि शाश्वती. जाड भिंत तोच घालतो ज्याला ठाऊक असतं की उद्या इथून ऊठ असं कुणी म्हणणार नाही.

मराठीत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरीत माणसं नांदतात, काळीत पीक. आम्हाला पांढरीत जागा नव्हती, आणि काळीत वतनाचा तुकडा असला तर असला, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. ज्याला पांढरीही नाही आणि काळीही नाही तो घर कसं बांधेल? उपटून नेता येईल असं. मेढी उपटा, वासे सोडा, दोर गुंडाळा, चला. आमच्या घराचा हलकेपणा काळ्या जमिनीमुळं होता हे खरं, पण तेवढ्यामुळंच नव्हता.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गरीब कुणबीही छपरातच राहिला, सातपुड्यातला पावरा आणि तडवीही गवताखालीच राहिला, मग ह्यात जात कुठं आली? ही तर गरिबी झाली. ह्याचं उत्तर असं की कुणब्याच्या हातात चार पैसे आले तर त्याला कौल चढवायला कुणाची ना नव्हती. बाबासाहेबांनी गावाच्या अलिखित कायद्यातले अस्पृश्यांचे ‘गुन्हे’ एकेक करून नोंदवून ठेवलेत. स्वच्छ कपडे घालणं गुन्हा, पायात जोडा गुन्हा, घड्याळ गुन्हा, सोन्याचा दागिना गुन्हा. त्याच यादीत कौलारू घर बांधणं हाही गुन्हा आहे. हे लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९८९ साली महाराष्ट्र सरकारच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते लोकांपुढं आलं. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाची वस्ती गावाबाहेर टाकतो. गावानं त्याच्यावर छप्पर कसलं असावं तेही ठरवून टाकलं.

म्हणजे गरिबाच्या डोक्यावर गवत होतं कारण त्याला कौल परवडत नव्हतं. आमच्या डोक्यावर गवत होतं कारण परवडलं असतं तरी चालणार नव्हतं. गवत तेच, पाऊस तोच. पण दोघांच्या घरात नीतीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठल्याही घराला मी एकच प्रश्न विचारतो. ह्यात राहणाऱ्याला ह्यातून निघायची मुभा होती का? सुंदर आहे का, थंड आहे का, निसर्गाला धरून आहे का, हे सगळे प्रश्न त्याच्या नंतरचे.

हा प्रश्न घेऊन आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट बघा. रावेरहून सावद्याच्या पलीकडे फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी ‘टिळकनगर’ उभं केलं, आणि ते सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं. बांबू, चटया, गवत अशा गावच्याच सामानातून सगळं उभं राहिलं आणि देशभर त्याचं कौतुक झालं. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, मातीच्या कुटीत राहायला गेले. तिथली बापूकुटी आजही जपून ठेवली आहे, लोक चपला काढून आत जातात. तिच्यावर, ध्यानात ठेवा, देशी कौलं आहेत.

नंदलाल बोसांची कला खोटी होती असं मला म्हणायचं नाही. मोठा कलावंत होता, आणि गावच्या बांबूला त्यानं मान दिला. गांधीजींचा साधेपणाही ढोंग होता असं मी म्हणत नाही. पण टिळकनगरात आलेला पाहुणा अधिवेशन संपल्यावर आपापल्या पक्क्या घरी गेला. ज्या खानदेशातून बांबू आणि गवत आलं तिथला माझा आजा अधिवेशन संपल्यावरही गवताखालीच होता. एकानं झोपडी निवडली, दुसऱ्याला ती लागली. लागणं म्हणजे रोग लागतो तसं.

आणि त्याच १९३६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचं भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं होतं, कारण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते ऐकवलं नाही आणि सभाच रद्द झाली. ते लिहिणारा माणूस तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहत होता. पुस्तकांसाठी बांधलेलं पक्कं, उंच घर. पुष्कळ शहाण्यांनी तेव्हाही नाकं मुरडली आणि आजही मुरडतात, की बघा, एक महात्मा कुटीत आणि दलितांचा पुढारी बंगल्यात. अरे, ज्याच्या समाजाला कौलाची बंदी होती त्यानं कौलाच्याही वर जाऊन स्लॅबचं घर बांधणं आणि ते पुस्तकांनी भरणं, हे त्याच्या चळवळीचंच काम होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याला अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा ठरवलं तेव्हा गावावर प्रेम करणारे दुखावले. गावाची झोपडी त्यांनी लांबून पाहिली होती, बाबासाहेबांनी गावाची सीमा पाहिली होती.

कुणी बुद्धाचं उदाहरण देतं. तथागत झाडाखाली बसले, भिक्खू पर्णकुटीत राहिले, मग तुम्हाला गवताची एवढी लाज का? सिद्धार्थाकडं सोडायला राजवाडा होता, म्हणून त्याचं झाडाखाली बसणं हा त्याग ठरला. त्याग करायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. आमच्या आज्यानं काही सोडलं नव्हतं, त्याला काही मिळूच दिलं नव्हतं. दोघांच्या डोक्यावर आभाळ होतं म्हणून दोघांना एका माळेत ओवणं हा बुद्धाचाही अपमान आणि आज्याचाही.

तर हॉटेलवाल्याचा निकाल लागला. त्याला छप्पर हवंय आणि त्या छपराखालची बंदी नकोय. त्याच्या ‘खेड्यात’ गाव असेल पण गावकूस नसेल. लोक भाकरी-भरीत खातील, आमच्या आढ्याखाली फोटो काढतील, आणि कुणाला कळणारही नाही की ह्या दाराला वाकून का जावं लागतं. त्याला घर विकू नये.

मग पोरांचं बरोबर का? पेटवायचं का?

पोरांनो, तारीख तुम्ही बरोबर निवडली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या सभेत मनुस्मृती जळाली. पण त्याच तारखेला, १९६८ साली, तामिळनाडूत किळवेणमणीला काय जळालं ते आठवा. मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची बायकापोरं जीव वाचवायला एका झोपडीत शिरली. जमीनदारांच्या माणसांनी ती झोपडी बाहेरून पेटवली. ४४ माणसं गेली. पुढं मद्रास उच्च न्यायालयातून जमीनदार निर्दोष सुटले. आणि आपल्याकडं २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव आपल्या वस्त्यांना आगी लागल्या. म्हणजे लावल्या.

आमचं छप्पर जाळायचा कार्यक्रम त्यांनी पुष्कळ वेळा केलाय. गवताचं घर देऊन गावानं काडीपेटीही आपल्याच हातात ठेवली होती. कौलाला एका काडीनं आग लागत नाही. कौलबंदीत ही सोय आपोआप होती. आता तेच काम आपण आपल्या हातानं, टाळ्यांच्या गजरात करायचं? महाडला पुस्तक जळालं, ते आमच्यावर लादणाऱ्याचं पुस्तक होतं. हे घर लादलेलं होतं, पण बांधलेलं आमचं आहे. लादणं त्यांचं, बांधणं आमचं. जाळायचं ते लादणं.

मोठीमायला मी दोन्ही मागण्या सांगितल्या. ती आधी हसली, मग म्हणाली, “इकू म्हनतो एक, जाळू म्हनतो दुसरा. मले इचारलं कोनी? चाळीस वरीस मी शाकारलं त्याले.” आणि मग तिनं मला तासभर सांगितलं की गवत कोणत्या महिन्यात कापलं तर टिकतं, ओल्या गवताची पेंढी का लावू नये, चुलीचा धूर छपरातून गेला की किडा का लागत नाही. मी विचारलं, आणि तुझ्या डोळ्यांचं काय? ती म्हणाली, “डोयाचं काय, गेलेच ते.” धुरानं गवत टिकलं, बाई टिकली नाही. ह्या घराबद्दल खरं बोलायचं असेल तर ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलावी लागतील. फक्त पहिलं बोलणारा हॉटेलवाला होतो. फक्त दुसरं बोलणारा पोरगा त्या बाईची चाळीस वर्षांची विद्या कचऱ्यात टाकतो.

विद्या हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. शंका असेल तर अजिंठ्याला जा. फार लांब नाही. नऊ आणि दहा नंबरची चैत्यगृहं तिथली सगळ्यात जुनी, इसवी सनाच्या आधीची. दहा नंबरात वर लाकडी कमानी बसवल्या होत्या. लाकूड गेलं, त्याच्या खुणा छतात राहिल्या. पुढं पाचव्या शतकात एकोणीस आणि सव्वीस नंबरात त्याच कमानी दगडातच कोरल्या. डोंगर पोखरून केलेल्या खोलीला वाशांची गरज काय? काहीच नाही. छत डोंगराचंच आहे, ते पडत नाही. तरी कारागिरांनी वासे कोरले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं घर म्हणून जे होतं ते लाकडा-बांबूचं, गवतानं शाकारलेलं होतं. घोड्याच्या नालासारखी ती कमान वाकवलेल्या लाकडाची आहे. जग ते बघायला तिकीट काढून येतं. तथागतासाठी सभागृह करायचं ठरलं तेव्हा शाकारलेल्या घराचा घाट डोंगरात कोरला गेला. ज्या हातांना मेढ कुठं पुरायची आणि वासा किती वाकतो हे ठाऊक आहे, त्या हातांचं नातं त्या लेण्यांशी आहे. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून त्यांना घराची लाज वाटते. लाज लादणाऱ्याला वाटायला पाहिजे, बांधणाऱ्याला कशाला?

आणि ही विद्या नुसती अभिमानापुरती नाही, ती कामाची आहे. नवीन घरकुलाचं बघा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली तेव्हा घराचं किमान माप ठरलं २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. सपाट भागात मदत १ लाख २० हजार रुपये. रमाईच्या नावाची राज्याची योजनाही आपल्या लोकांसाठी आहे. हे पैसे घ्या, हक्कानं घ्या, पक्कं घर बांधा. पण जळगाव जिल्ह्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास जातो. पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. पत्र्याखाली तर दुपारी बसवत नाही. बाया लेकरं घेऊन झाडाखाली येतात. रावेरच्या बागांमध्ये उन्हापासून जपायला केळीच्या घडाला झाकण घालतात, बागेच्या कडेला वारा अडवायला शेवरी लावतात. घडाची एवढी काळजी, आणि तो घड कापणाऱ्याच्या डोक्यावर उघडा पत्रा.

मोठीमायच्या घरात ही आग जाणवत नाही. हातभर जाड गवत, त्यात अडकलेली हवा, खाली आलेली वळचण, तिची सावली. हे उत्तर तिनं फुकट दिलंय. ते स्लॅबवर वापरता येतं. स्लॅबच्या वर हातभर अंतर सोडून गवताचा किंवा पाचटाचा मांडव घाला, दक्षिण-पश्चिम भिंतीला वळचण काढा, वरच्या बाजूला गरम हवा जायला झरोका ठेवा, आणि चुलीच्या धुराला बाईच्या डोळ्यांतून न जाता बाहेर जायला धुराडं द्या. आगीची भीती राहते, म्हणून मांडव चुलीपासून दूर आणि सहज सोडता येईल असा बांधा. आता हे गवत आपण निवडलेलं असेल, खाली पक्कं घर असेल, आणि नको झालं तर उतरवून ठेवता येईल. तेच गवत, पण आता त्याच्याखाली मुभा आहे.

मोठीमायनं काय ठरवलं तेही सांगतो, कारण ठरवायचा अधिकार तिचा होता. घर विकायचं नाही, जाळायचं नाही, उतरवायचं. आढं नव्या घराच्या ओट्यावर, मेढी गोठ्याला, गवत बैलाखाली. घर जसं बांधलं गेलं तसंच सोडायचं, एकेक गाठ उलटी सोडत. मंडळाच्या पोरांनी दोन दिवस तिच्या हाताखाली हे काम केलं. कामाच्या ओघात ती गाठी कशा मारायच्या ते शिकवत होती. पुढं म्हातारीला वाटलंच तर ती पुन्हा बांधायलाही लावेल.

मग आपण करायचं काय? माझ्या मते तीन कामं आहेत. आपल्या वस्तीत ज्यांच्या हातात ही विद्या आहे, त्यांच्यातल्या बाया आधी, त्यांच्याकडं जाऊन ती लिहून घ्या, नावानिशी, त्यांच्याच शब्दांत. वाड्यांच्या बांधणीवर ग्रंथ निघतात, कुडाच्या भिंतीवर पानभरही मजकूर सापडत नाही. तो आपणच लिहायचा. दुसरं, ज्या जागेवर घर आहे त्या जागेचा नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर घरच्या बाईचं नाव लागलंय का बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत बसा. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर झाला, तो जमिनीसाठीच होता. गवत हा त्यातला लहान भाग, जमीन मोठा. पायाखालची जागा आपली नसेल तर डोक्यावर संगमरवर असलं तरी ते छप्परच. आणि तिसरं, कुणी झोपडीचं कौतुक करत आला तर त्याच्याशी भांडू नका. त्याला आत बोलवा, वाकून यायला लावा, चुलीजवळ बसवा, आणि विचारा, तुझ्या गावात आमचं घर कोणत्या दिशेला होतं रे भो, आणि आता कुठं आहे?

जयभीम.